माझं उत्तर, त्याचा आवाज

घाटकोपरच्या आमच्या क्लासमध्ये हजेरी घेणाऱ्या मॅडम मान वर करत नव्हत्या. त्या नंबर वाचायच्या, आवाज ऐकायच्या, टिक मारायच्या. त्यामुळे काही काही सकाळी मी एकटाच सहा जण असायचो. चार नंबर खोकून 'येस मॅम' करायचा. नऊ नंबर झोपेतून उठवल्यासारखा. सतरा नंबरचा आवाज अजून फुटतच होता, त्याच्यासाठी मला घसा आवळून धरायला लागायचा. क्लासखाली फरसाणचं दुकान होतं, पोरं मला त्याबद्दल तिथला फाफडा आणून द्यायची आणि मला वाटायचं, आपण वर्गात लाडके आहोत.

आवाज काढायची खोड शाळेपासूनची. मराठवाड्यातल्या तालुक्याच्या गावात आमची शाळा, आणि तिथे करमणूक म्हणजे मास्तर. माणसाचा आवाज काढायचा तर नुसते त्याचे शब्द पकडून भागत नाही, तो श्वास कुठे घेतो ते पकडायला लागतं. आमचे मुख्याध्यापक नको तिथे श्वास घ्यायचे. 'उद्या शाळेला सुट्टी', मग मोठा श्वास, आणि मग 'नाही.' पहिल्या तीन शब्दांवर पोरं उड्या मारायची. मी ते इतकं चांगलं करायचो की एकदा एक मास्तर पण फसून दप्तर आवरायला लागले होते.

गावातच कॉम्प्युटरची डिग्री केली आणि मानखुर्दला आत्याकडे येऊन पडलो. घाटकोपरला कॉम्प्युटर सिक्युरिटीचा सहा महिन्यांचा कोर्स लावला. गावात मी सांगितलं, हॅकिंग शिकतोय, तर शेजारच्या काकांनी लगेच त्यांच्या जावयाचा फोन उघडून मिळेल का, म्हणून विचारलं. वडिलांनी त्यानंतर सगळ्यांना 'कॉम्प्युटर शिकतोय' एवढंच सांगायला सुरुवात केली.

आत्या शाळेत खिचडी शिजवते. पुनर्वसनाच्या बिल्डिंगीत पाचव्या मजल्यावर तिची एक खोली. खिडकीखाली, वॉशिंग मशीन आणि भिंत यांच्यामध्ये, बरोबर माझ्या मापाची जागा होती. ती मला ताईच्या सातव्या महिन्यापर्यंत मिळालेली. ताई म्हणजे आत्याची मुलगी, नाशिकला दिलेली. पहिलं बाळंतपण माहेरी, यात कुणी काही बोलायचा प्रश्नच नव्हता. एका खोलीत बाळंतीण, पाळणा, शेकशेगडी आणि वर एक बाप्या माणूस, हे कसं जमणार. आत्या तोंडाने कधी काही बोलली नाही. तिने फक्त कॅलेंडरवर डोहाळजेवणाच्या तारखेला पेनाने गोल केला. कॅलेंडर माझ्या उशीच्या बरोबर वर होतं.

तोपर्यंत नोकरी लागली तर पोरांबरोबर खोली करून राहता येणार होतं. नाही लागली तर गाव, आणि गावात चुलतभावाचं ऑनलाईन फॉर्म भरायचं सेंटर. तो दर आठवड्याला फोन करून विचारायचा, कधी येतोस. त्याला माणूस पाहिजे होता.

क्लासमध्ये दोघांत एक मशीन. माझा जोडीदार मुलुंडचा, सोसायटीत राहणारा, कॉन्व्हेंटमध्ये शिकलेला. वाईट नव्हता. हे मी आज दात खाऊन लिहितोय, पण नव्हता. डबा उघडला की आधी माझ्यापुढे सरकवायचा, आणि त्याच्या आईच्या हातचे घावणे खाऊन मी पहिल्यांदा कोकणाबद्दल बरं बोललो. इंग्रजी त्याच्या तोंडून अशी यायची जशी आमच्याकडे शिवी येते, विचार न करता. त्याचा आवाज काढणं सगळ्यात सोपं. जबडा फार उघडायचा नाही, वाक्याआधी नाकातून छोटासा श्वास घ्यायचा आणि 'बेसिकली' म्हणायचं. बाकी काहीही बोला, तो तोच वाटणार.

आता लॅबचं सांगतो. लॅब म्हणजे मुद्दाम भोकं ठेवून बांधलेली खोटी वेबसाईट. शिकणाऱ्यांनी तिच्यात घुसायचं, कुणाचं काही बिघडत नाही, त्यासाठीच ती बनवलेली असते. खातं उघडताना फोनवर ओटीपी यायचा. क्लासची पद्धत अशी की एका मशीनला एक खातं, आणि ज्याचा फोन आधी वाजेल त्याचं नाव. त्या दिवशी माझ्या फोनला रेंज नव्हती. जोडीदाराचा फोन वाजला. आम्ही दोघांनी त्याचा दोन सेकंदही विचार केला नाही.

मग एका सोमवारी सरांनी सांगितलं की साकीनाक्याच्या एका कंपनीला शिकाऊ माणूस पाहिजे. आमचे सर प्रत्येक वाक्य 'टेक्निकली स्पीकिंग' म्हणून सुरू करायचे, चहा मागवताना सुद्धा. टेक्निकली स्पीकिंग, ज्याच्या खात्यावर डेटाबेसचा पहिला धडा सगळ्यांच्या आधी सुटलेला दिसेल त्याचं नाव मी पाठवणार. उत्तर नेटवरून उचलायचं नाही, कुणी काय काय टाकलं ते मला दिसतं.

खोटी वेबसाईट चपलांच्या दुकानाची होती. वर सँडल, खाली दोन रकाने, नाव आणि पासवर्ड. काम एवढंच की पासवर्ड माहीत नसताना दुकानाच्या मालकाच्या नावाने, म्हणजे 'अ‍ॅडमिन' म्हणून, आत जायचं. सरांनी आदल्या दिवशी फोनवर नोट्स पाठवल्या होत्या. अख्खा वर्ग त्यातली एक ओळ कॉपी करून रकान्यात चिकटवत होता आणि अख्ख्या वर्गाला चपलांचं दुकान परत पाठवत होतं. फोनवरून येताना त्या ओळीतली सरळ अवतरणचिन्हं वाकडी झाली होती, आणि मशीनला वाकडी कळत नाहीत. हे मला नंतर कळलं. त्या दिवशी मी ओळ चिकटवली नाही कारण मला ती समजली नव्हती, आणि न समजलेलं बोलायला मला जमत नाही. आवाज काढणाऱ्याचं तसंच असतं, आधी माणूस कळायला लागतो.

जोडीदार पाच मिनिटांत कंटाळला आणि फोन काढून रील बघत बसला. मी नावाच्या रकान्यात एकच अवतरणचिन्ह टाकलं, मागेपुढे काही नाही. पान फुटलं. लाल अक्षरांत लांबलचक तक्रार आली. जोडीदार एका डोळ्याने बघून बोलला, वाट लागली, रिफ्रेश कर. पण मी ती तक्रार वाचत राहिलो, कारण घाबरलेल्या माणसासारखं दुकानाने तिच्यात सगळं ओकलं होतं. आत ते डेटाबेसला, म्हणजे नावं-पासवर्डांच्या वहीला, जे वाक्य बोलायचं ते तसंच्या तसं: ज्याचं नाव 'अमुक' आणि पासवर्ड 'तमुक', तो माणूस शोधून दे. अमुक म्हणजे आपण रकान्यात भरलेलं. बाकीचं वाक्य दुकानाचं.

मला शाळेतली हरवल्याची चिठ्ठी आठवली.

आमच्या शाळेत कुणाची वस्तू हरवली की ऑफिसातून छापील चिठ्ठी मिळायची. 'इयत्ता अमुकमधील विद्यार्थ्याची', पुढे मोकळी जागा, मग 'हरवली आहे. सापडल्यास कार्यालयात आणून द्यावी.' खाली मुख्याध्यापकांचा शिक्का आधीच मारलेला. मोकळी जागा पोरानेच भरायची. शिपाईमामा ती चिठ्ठी वर्गावर्गात फिरवायचे आणि मास्तर मोठ्याने वाचायचे. आठवीत असताना मी त्या मोकळ्या जागेत बारीक अक्षरात लिहिलं, 'कंपासपेटी हरवली आहे. मधल्या सुट्टीनंतर शाळा सुटेल. पुढचे वाचू नये.' मास्तरांनी सगळं एका सुरात वाचलं आणि पुढचं खरंच वाचलं नाही. पोराचं कुठे संपलं आणि साहेबाचं कुठे सुरू झालं, हे कुणी बघितलंच नाही, खाली शिक्का होता ना. चार वर्ग दप्तरं घेऊन फाटकाबाहेर.

मी सापडलो नाही. शिपाईमामांना ऑफिसात उभं करून बोलणी बसली, चिठ्ठी न वाचता फिरवली म्हणून. त्यांना वाचता येत नाही हे सगळ्या शाळेला माहीत होतं, मुख्याध्यापकांना सुद्धा. मी तेव्हा जाऊन सांगायला पाहिजे होतं. मी काय केलं, तर दुसऱ्या दिवशी डबा खाताना मामांचं ते 'नाय साहेब, चुकलं साहेब' करून दाखवलं. पोरं पोट धरून हसली. मामा नळाजवळ उभे होते.

तर चपलांच्या दुकानात मी तेच केलं. नावाच्या रकान्यात 'अ‍ॅडमिन' लिहिलं, मग अवतरणचिन्ह टाकून नाव तिथेच संपवलं, आणि मग दोन आडव्या रेघा. डेटाबेसच्या भाषेत दोन रेघा म्हणजे 'पुढचे वाचू नये'. पुढे पासवर्ड विचारणारं वाक्य होतं, तेच कापायचं होतं. एंटर मारला, पुन्हा लाल. मी ते वाक्य ओठांतल्या ओठांत वाचलं, मुख्याध्यापकांच्या आवाजात, कारण त्यांच्या आवाजात मला जास्त ऐकू येतं. आणि लक्षात आलं की माझ्या रेघा दुकानाच्या पुढच्या अवतरणचिन्हाला चिकटल्यात. रेघांनंतर श्वासच नाही, आणि श्वासाशिवाय मशीनला रेघा कळत नाहीत. मी एक स्पेस टाकली.

'स्वागत आहे, अ‍ॅडमिन.' खाली हिरवी पट्टी आणि पट्टीवर माझ्या जोडीदाराचं नाव, अभिनंदनासकट.

त्याने रील बंद केलं, माझ्या पाठीत दणका घातला आणि बोलला, "झकास रे भावा. कसं केलंस?"

मी सांगायला लागलो तेवढ्यात सर आले. सरांनी विचारलं, कुणी सोडवलं. इथे मी जे केलं ते मी आजपर्यंत कुणाला सांगितलेलं नाही. मी उभा राहिलो, मान सरांसारखी तिरकी केली आणि बरोबर सरांच्या आवाजात बोललो, "टेक्निकली स्पीकिंग, मीच." अख्खा वर्ग फुटला. सर पण हसले. मग त्यांनी स्क्रीनवरचं नाव कागदावर लिहून घेतलं आणि मला सांगितलं की तुझी कॉमेडी जरा नंतर. जोडीदार हळू आवाजात बोलला की सर, आम्ही दोघांनी केलं. सर बोलले, नाव एकच जाणार, खातं ज्याचं त्याचं. मी अजून हसतच होतो. हशा ओसरल्यावर मी सरांच्या मागे गेलो आणि माझ्या आवाजात सांगितलं की सर, खरंच मी सोडवलं. ते म्हणाले की बस कर आता.

चार दिवसांनी जोडीदाराचा फोन आला. पहिली मुलाखत फोनवर होणार होती, व्हिडिओ नाही, आणि त्याला घाम फुटला होता. कंपनीचे साहेब त्याला विचारणार की हे कसं सोडवलंस, आणि हा काय सांगणार, रील बघत होतो म्हणून? त्याने फार फिरवून बोलायचा प्रयत्न केला. मग सरळच बोलला, "तू माझा आवाज काढतोस ना, तूच बोल ना यार. मी आत गेलो की महिन्याभरात तुला ओढतो. ते अजून एक पोरगा घेणारच आहेत."

फोनवरच्या मुलाखतीला दुसऱ्याला बसवणं ही काही नवीन गोष्ट नव्हती. क्लासच्या जिन्यात त्याची चर्चा अशी चालायची जशी दुसरीकडे मॅचची. आणि मी तर एकेका सकाळी सहा जणांची हजेरी लावणारा माणूस. मला त्यात चूक दिसली नाही. मला कॅलेंडरवरचा गोल दिसला, आणि दोन जागा दिसल्या. नाव त्याचंच जाणार होतं, मग पहिली त्याची, दुसरी माझी.

मुलुंडला त्याच्या खोलीत मी गादीवर मांडी घालून बसलो, फोन स्पीकरवर. तो दाराला पाठ लावून उभा, आई आत येऊ नये म्हणून. फोन वाजला. नाकातून श्वास. बेसिकली.

साहेबांनी विचारलं, अलीकडे काय सोडवलंस ते सांग, आणि समोरचा माणूस या धंद्यातला नाही असं समजून सांग. मी चपलांचं दुकान सांगितलं. ते हं हं करत होते. मग मी चिठ्ठी सांगितली. माझी इंग्रजी नव्हतीच ती, त्याची होती. त्याच्या जबड्यातून शब्द आपोआप पडत होते. 'माझ्या शाळेत एक शिपाई होते,' मी त्याच्या आवाजात बोललो, आणि चिठ्ठी, मोकळी जागा, शिक्का, फाटकाबाहेर गेलेले चार वर्ग, रेघांनंतरचा श्वास, सगळं सांगितलं. साहेब चक्क हसले. बोलले की गेल्या वर्षभरात कुणी इतकं स्वच्छ समजावलं नव्हतं. मग त्यांनी विचारलं, पुढे काय झालं त्या शिपायाचं?

मी थांबलो. जोडीदाराने दारातून भुवया उडवल्या. आणि मी सांगितलं की मी दुसऱ्याच दिवशी मुख्याध्यापकांकडे गेलो आणि कबूल झालो, शिपायाची काही चूक नव्हती म्हणून सांगितलं. त्याच्या आवाजात ते सहज आलं. तो तसा मुलगा वाटतो.

'थँक यू फॉर युअर टाइम, सर. लुकिंग फॉरवर्ड.' हे त्याचं नेहमीचं. फोन ठेवला तेव्हा त्याच्या आईने शिरा आणला. त्याने मला मिठी मारली. मी त्याच्या आईला तिच्या सोसायटीच्या सेक्रेटरीचा आवाज काढून दाखवला, एकदाच लिफ्टमध्ये ऐकलेला, आणि ती हसून हसून खाली बसली.

तो लागला. आठवड्याभरात त्याच्या गळ्यात पट्टा आणि पट्ट्याला फोटो. शब्दाला जागला, हे पण खरं. पाचव्या आठवड्यात माझं नाव दिलं. या वेळी समोरासमोर बोलवलं होतं. ताईचं डोहाळजेवण अकरा दिवसांवर होतं. आत्याने मला ताईच्या नवऱ्याचा जुना पांढरा शर्ट इस्त्री करून दिला आणि दहीसाखर हातावर ठेवली.

साकीनाक्याला गल्लीत एक जुनी इंडस्ट्रियल इस्टेट आहे. खाली लोखंड कातणाऱ्या लेथ चालतात, जिन्यात तेलाचा वास, आणि चौथ्या मजल्यावर काचेचं दार ढकललं की एकदम थंडगार. साहेब तेच. मी आवाज लगेच ओळखला. त्यांनी मला ओळखायचं कारण नव्हतं. काचेपलीकडे जोडीदार बसलेला दिसत होता, त्याने टेबलाखालून अंगठा दाखवला.

साहेबांनी तोच प्रश्न विचारला. अलीकडे काय सोडवलंस. मला बरं वाटलं. मी ज्या गोष्टीचं उत्तर स्वतः शोधलं होतं तीच विचारत होते. मी माझ्या इंग्रजीत सुरुवात केली आणि माझी इंग्रजी दुसऱ्या वाक्याला खाली बसली. तेच शब्द होते. तोंड माझं होतं म्हणून ते एक एक करून, वजन घेऊन येत होते. साहेब चांगले होते, बोलले की मराठीत सांग, चालेल. मग मी मराठीत सांगितलं. चिठ्ठीवर आलो तेव्हा त्यांनी पेन खाली ठेवलं. मला वाटलं, आवडलं.

"पुढे त्या शिपायाचं काय झालं?" त्यांनी विचारलं.

मी खरं सांगितलं. बोलणी त्यांना बसली, मी गप्प राहिलो. का सांगितलं माहीत नाही. माझ्या आवाजात दुसरं काही आलंच नाही.

साहेब खुर्चीत मागे टेकले. म्हणाले की ही गोष्ट मी आधी ऐकली आहे, आमच्याच एका मुलाने सांगितली होती, त्याच्या शाळेतली. तू त्याच्याच क्लासचा ना? फरक एवढाच की त्याने कबुली दिली होती. दुसऱ्याचं पाठ करायचं तर निदान शेवट तरी चांगला ठेवायचास. हे ते रागावून बोलले नाहीत. समजावल्यासारखं बोलले, ते जास्त लागलं. मी बोललो की सर, ही माझी गोष्ट आहे. ते बोलले, थांब, आपण त्यालाच विचारू, आणि काचेवर टकटक केलं.

तो आत आला. पट्टा एका हाताने धरून.

"ती शाळेच्या चिठ्ठीची गोष्ट," साहेब बोलले, "ती तुझी ना रे?"

त्याने माझ्याकडे बघितलं नाही. नाकातून छोटा श्वास घेतला. तो श्वास मी इतक्या वेळा घेतलेला आहे की तो बोलायच्या आधीच मला कळलं, काय येतंय.

"बेसिकली, सर, मीच ह्याला सांगितली होती. क्लासमध्ये."

मला दोन रस्ते होते. सांगायचं की फोनवर मी होतो. म्हणजे विश्वासाच्या धंद्यातल्या माणसाला सांगायचं की तुमच्याकडे खोट्या आवाजाने घुसलेला मीच. तो गेला असता, मी गेलो असतो, आणि सरांच्या क्लासमधून साकीनाक्याला पुन्हा कुणी बोलवलं नसतं. सांगून दोघं जाणार, न सांगून मी एकटा. मी यातलं काहीच नीट केलं नाही. उभा राहिलो, जबडा आवळला, नाकातून श्वास घेतला आणि बोललो, "बेसिकली, थँक यू फॉर युअर टाइम, सर. लुकिंग फॉरवर्ड."

साहेबांनी माझ्याकडे बघितलं. मग त्याच्याकडे. त्याचे कान लाल झाले होते. साहेबांचं तोंड थोडं उघडलं, आणि मला आजही वाटतं की त्या वेळी त्यांना सगळं कळलं होतं. पण पोरगा महिनाभर कामाला होता, टेबल दिलेलं, कार्ड छापलेलं. तोंड मिटलं आणि मग ते हसले.

"अरे वा. हुबेहूब," ते म्हणाले. "तू स्टेजवर का जात नाहीस? आमच्या वार्षिक कार्यक्रमाला बोलवू तुला."

जोडीदार पण हसला. जरा उशिरा, पण हसला. मी मान झुकवून सलाम केला, कारण टाळ्या मिळाल्या की मी तसंच करतो.

खाली लेथवाले जेवत होते. मेट्रोच्या जिन्यापर्यंत जोडीदाराचे तीन मेसेज आले. पहिला, सॉरी. दुसरा, मी काय करणार होतो यार, तूच सांग. तिसरा, हे पुढे कुणाला बोलू नको, प्लीज. तिसरा आल्यावर मला पहिल्याचा अर्थ कळला.

शर्ट काढून ठेवला तसा आत्याने धुवायला टाकला. डोहाळजेवणाला मी नाशिकच्या सगळ्या बायकांचे आवाज काढले, ताईच्या सासूचा सुद्धा, आणि ताई हसताना पोटाला हात लावून बोलली की बस कर, इथेच बाळंत होईन. दुसऱ्या दिवशी मी गादी गुंडाळली. त्या जागेत पाळण्याचं खोकं अगदी बरोबर बसलं, जणू मापच घेतलं होतं.

आता मी गावात चुलतभावाच्या सेंटरवर असतो. उत्पन्नाचे दाखले, जातीचे दाखले, पीकविमा. दिवसभर लोकांसाठी रकाने भरतो. समोरच्या ओट्यावर शिपाईमामा येऊन बसतात, रिटायर झालेत. त्यांचे फॉर्म ते पलीकडच्या सेंटरवर भरून घेतात.

गेल्या आठवड्यात जोडीदाराचा मेसेज आला, चार महिन्यांनी. ऑफिसातल्या सरावाच्या लॅबचा फोटो होता, लाल अक्षरांची तक्रार. भावा, दोन मिनिटं आहेत का, उद्या टीमसमोर सोडवून दाखवायचंय. मी फोटो मोठा करून बघितला. चपलांच्या ऐवजी पुस्तकांचं दुकान होतं, बाकी सगळं तेच. त्याला ते येत असायला पाहिजे होतं. त्याच्याच खोलीत, त्याच्याच आवाजात मी सगळं सांगितलं होतं, श्वासासकट. तो तेव्हा दारावर लक्ष ठेवून होता.

मी उत्तर लिहून पाठवलं. अ‍ॅडमिन, मग अवतरणचिन्ह, मग दोन रेघा. रेघांनंतरच्या स्पेसचं लिहिलं नाही.

थोड्या वेळाने पुन्हा मेसेज. नाही चालत यार, लालच येतंय, काय चुकतंय?

मी वाचला. निळ्या खुणा त्याला दिसल्या असतील. समोर एक म्हातारी अंगठा पुसत उभी होती, मशीन तिचा अंगठा घेत नव्हतं. मी फोन पालथा ठेवला आणि तिला म्हटलं, आज्जी, पुन्हा ठेवा, जरा दाबून.